भाच्यावरचा आळ आणि ३.१९चा आकडा

पत्र : पंचवटीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, बिलबुकं अशी कामं करते. कॉम्प्युटर जुना आहे, आतल्या मदरबोर्डवर एच६१ असं छापलंय. विंडोज १० आहे. मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर आहे, त्याला कॉम्प्युटरच्या मागे लॉक लावावं लागतं, म्हणजे एक छोटी किल्ली, ती नसली तर सॉफ्टवेअर चालत नाही. मशीन फार अडकायला लागलं म्हणून ४-४ जीबीच्या दोन रॅम विकत आणल्या आणि माझ्या भाच्याने बसवल्या. तो डिप्लोमाला आहे. स्क्रीनवर ८.०० जीबी आलं, पण पुढे ३.१९ जीबी युजेबल असं लिहून आलं. दुकानदाराकडे नेलं. त्याने रॅम काढून-घालून पाहिली, पंखा उतरवून पेस्टही लावली. आता ४.०० दिसतं आणि पुढे तेच ३.१९. तो म्हणतो, पोराने बोर्ड उडवला, नवा बोर्ड आणि प्रोसेसर घ्या. आमचे मिस्टर म्हणतात, दुकानदाराने नकली रॅम गळ्यात मारली. त्यांनी एक व्हिडिओ पाहून विंडोजच्या एमएसकॉन्फिग नावाच्या सेटिंगमध्ये काहीतरी टिकही केली. भाच्याला घरात सगळेच बोलले, तो त्या दिवसापासून आलेला नाही. तुळशीचं लग्न झालं की माझा सीझन सुरू होतो. काय करू? ता. क. : घरी रायझन प्रोसेसरचा नवा लॅपटॉप घेतलाय, त्यावरही १६च्या पुढे १३.९ दिसतं. तिथेही फसलो का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी भाच्याचं बोलू, मशीन नंतर. त्याने रॅम बरोबर बसवली होती. मी त्याला ओळखत नाही, त्यामुळे त्याची बाजू घेण्याचा प्रश्नच नाही. तुम्ही पत्रात लिहिलेला पहिला आकडाच हे सांगतो. त्याने रॅम लावल्यावर स्क्रीनवर ८.०० आलं ना? मग झालं. रॅमच्या प्रत्येक स्टिकवर मोठ्या चिपांच्या शेजारी एक बारीकशी चिप असते. ‘मी ४ जीबीची, माझा वेग इतका’ ही माहिती तिच्यात भरलेली असते. मशीन चालू होताना बोर्ड ती वाचतो, त्या स्टिकवर काही लिहून-वाचून पाहतो, आणि पसंत पडली तरच तिची बेरीज करतो. स्टिक अर्धवट बसली असती, स्लॉट (ती बसवायची बोर्डवरची जागा) मेला असता किंवा बोर्ड उडाला असता, तर ८.०० हा आकडा आलाच नसता. त्या दिवशी दोन्ही स्टिक आणि दोन्ही स्लॉट धडधाकट होते.

याच आकड्याने दुकानदारावरचा नकली रॅमचा आळही पुसला जातो. तुम्ही आठ जीबीचे पैसे दिले आणि आठ जीबीच घरी आली.

मग घोडं अडलं कुठे? तुमच्या मशीनला दोन वेगवेगळे त्रास आहेत आणि ते एकावर एक चढलेत. पहिला ३.१९चा. हा रॅम आणायच्या आधीपासून होता, फक्त दिसत नव्हता. दुसरा ४.००चा. हा दुकानात मशीन उघडल्यानंतर सुरू झाला. सगळ्यांनी दोन्हींचं एकच गाठोडं बांधलं, म्हणून दोष कधी पोराच्या माथी गेला, कधी दुकानदाराच्या.

पहिल्या त्रासापासून सुरुवात करू. तुमच्या पत्रातला खरा धागा तोच आहे. रॅम आठवरून चारवर आली, पण युजेबलचा, म्हणजे वापरता येणाऱ्या रॅमचा, आकडा जागचा हलला नाही. आधीही ३.१९ आणि नंतरही ३.१९. पाण्याची टाकी अर्धी रिकामी केली तरी नळाची धार तेवढीच, असं झालं तर आपण टाकीकडे बघत नाही, पाइपाकडे बघतो. तसंच हे. तुमच्या मशीनमध्ये रॅम कितीही घाला, विंडोज ३.१९च्या वर हात लावू शकत नाही, कारण तिथे छत आहे. ते छत म्हणजे ३२ बिटचं विंडोज. मला जवळपास खात्री आहे, तरी तुम्ही डोळ्यांनी बघून घ्या. विंडोजचं बटण आणि पॉझ बटण एकत्र दाबलं की मशीनची माहिती उघडते. तिथे सिस्टिम टाइप या ओळीत बहुधा ‘३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर’ असं लिहिलेलं सापडेल. म्हणजे प्रोसेसर ६४ बिटचा आहे आणि त्याच्यावर बसवलेलं विंडोज ३२ बिटचं.

हे छत का असतं, ते तुमच्याच कामातून सांगते. पत्रिकेचं पाकीट तुम्ही रोज लावता. त्यावर पिनकोडचे सहा चौकोन असतात. पंचवटीचा ४२२००३. सहा चौकोनांत ०००००० ते ९९९९९९ असे दहा लाखच क्रमांक बसतात. उद्या देशात अकरा लाख टपाल विभाग झाले, तर वरच्या एक लाखांना पत्र पाठवायचं कसं? घरं आहेत, माणसं राहतात, पण पाकिटावर त्यांचा क्रमांक लिहायला जागाच नाही. सातवा चौकोन छापल्याशिवाय ती घरं टपालखात्याला दिसणार नाहीत.

रॅममधल्या प्रत्येक बाइटला असाच क्रमांक असतो. ३२ बिटच्या विंडोजकडे ३२ चौकोन असतात आणि प्रत्येकात ० किंवा १ एवढंच लिहिता येतं. त्यातून ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक तयार होतात. एवढे बाइट म्हणजे बरोबर ४ जीबी. त्यापुढची रॅम जागेवर असते, वीज खाते, बोर्डला दिसते, पण या ३२ चौकोनांपलीकडचा क्रमांक वापरून तिला हाक मारायची मुभा ३२ बिटच्या विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टने ठेवलेली नाही.

आता तुम्ही विचाराल, मग चार तरी दिसायला हवी होती, ३.१९ कशी? पिनकोडमध्ये ९ने सुरू होणारे क्रमांक कुठल्याच गावाला दिलेले नाहीत, ते लष्करी टपालासाठी राखीव आहेत. म्हणजे दहा लाखांतले काही क्रमांक गावांच्या वाटणीला कधी येतच नाहीत. कॉम्प्युटरचंही असंच आहे. त्या चार जीबीच्या यादीतल्या वरच्या टोकाचे क्रमांक डिस्प्ले, नेटवर्क कार्ड, बायोसची (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम) चिप यांच्यासाठी राखून ठेवलेले असतात. विंडोज त्या क्रमांकावर हाक मारतं तेव्हा रॅम ओ देत नाही, ते भाग ओ देतात. तुमच्या मशीनवर हा राखीव हिस्सा साधारण पाऊण जीबीचा आहे. दुसऱ्या कुणाच्या ३२ बिट मशीनवर ३.२५ दिसेल, कुठे ३.४७, कुठे २.९. बोर्डावर काय काय जोडलंय त्यावर ते ठरतं. तुमची जुनी रॅम चार जीबीची असेल, तर तिच्यावरही तुम्हाला सव्वातीनच्या आसपासच वापरायला मिळत होती. त्या ओळीकडे तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं, एवढंच.

नाशिकरोडला मी बरीच वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला. एमएस-सीआयटीच्या बॅचेस असायच्या. तिथे ही ओळ मी पहिल्या आठवड्यातच मुलांकडून वहीत लिहून घ्यायचे : किती बसवली, किती वापरता येते आणि विंडोज किती बिटचं. या तीन गोष्टी शेजारी-शेजारी मांडल्या की निम्मे वाद तिथेच मिटतात.

छत काढायचं म्हणजे ६४ बिटचं विंडोज टाकायचं. याला वेगळे पैसे पडत नाहीत. विंडोज १०चं तुमचं लायसन्स खरं असेल आणि एडिशन तीच ठेवली, म्हणजे होम असेल तर होमच, तर तेच ६४ बिटला चालतं आणि इंटरनेट जोडल्यावर आपोआप लागू होतं. ते लायसन्स बोर्डाशी बांधलेलं असतं, हे मात्र लक्षात ठेवा. बोर्ड बदलला की ते हातचं जाण्याचा धोका असतो. दुकानदाराने बोर्ड बदला म्हटलं तेव्हा हे सांगितलं नसावं. आणि नव्या बोर्डांना डीडीआर४ किंवा डीडीआर५ रॅम लागते. एच६१वर चालणाऱ्या तुमच्या डीडीआर३ स्टिकची खाच वेगळ्या जागी असते, पिना २४० असतात, डीडीआर४च्या २८८. म्हणजे आत्ता घेतलेल्या दोन्ही स्टिकही वाया. बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि वर विंडोज. एका न वाचलेल्या ओळीपायी एवढा खर्च करू नका.

पण ताई, ३२वरून ६४वर जाताना विंडोज वरच्या वर बदलता येत नाही. पेनड्राइव्हवरून नव्यानेच टाकावं लागतं. इथे तुमच्यासारख्या डीटीपीवाल्यांनी घाई केली की रडायची पाळी येते, म्हणून इथे जरा थांबते.

पहिली काळजी त्या लॉकची. ३२ बिटची बहुतेक सॉफ्टवेअर ६४ बिटच्या विंडोजवर चालतात, डिझाइनचं तुमचं कोरल सॉफ्टवेअरही चालेल. मात्र लॉक, जुना प्रिंटर, जुना स्कॅनर यांचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती वस्तू चालवता यावी म्हणून लागणारे छोटे प्रोग्राम, ६४ बिटचेच लागतात, त्यात तडजोड नाही. आणि सॉफ्टवेअर फारच जुनं असेल, १६ बिटच्या जमान्यातलं, तर ते ६४ बिटवर उघडतच नाही. बहुधा याच कारणाने कुणीतरी तुमच्या मशीनवर मुद्दाम ३२ बिट टाकलेलं असणार. म्हणून आधी लॉकवरचा क्रमांक लिहून घ्या आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना फोन करून एकच प्रश्न विचारा : या क्रमांकाच्या लॉकला ६४ बिटचा ड्रायव्हर आहे का? लॉकच्या बाजूला पुसट झालेला क्रमांक मोबाइलच्या टॉर्चने तिरका उजेड टाकून वाचता येतो.

दुसरी काळजी फॉन्टची. जुनी पत्रिका नव्या मशीनवर उघडली आणि ‘चि. सौ. कां.’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं नाचायला लागली, हा अनुभव तुम्हाला असेलच. ती फाइल बिघडलेली नसते. तो जुना, युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर सारखीच वाचली जाणारी अक्षरांची पद्धत) आधीचा फॉन्ट त्या मशीनवर नसतो. म्हणून काही पुसायच्या आधी सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात जाऊन फॉन्ट्सचं अख्खं फोल्डर कॉपी करून घ्या. नुसते माहितीचे फॉन्ट निवडून घेऊ नका. दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या लोगोत कुठला फॉन्ट आहे ते आज आठवणार नाही, आणि तो बरोबर मुहूर्ताच्या आदल्या दिवशी लागेल. नव्या गिऱ्हाइकांची कामं यापुढे युनिकोडमध्ये करायला सुरुवात केलीत तर हा जाच हळूहळू संपेल. सीझन तोंडावर असताना मात्र तो प्रयोग नको.

माझा सल्ला असा : आत्ताच्या हार्ड डिस्कला हातच लावू नका. एक छोटी एसएसडी (आत काही फिरत नाही अशी वेगवान डिस्क) घ्या, २४० किंवा २५६ जीबीची पुरे. जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, एसएसडी जोडा आणि तिच्यावर ६४ बिटचं विंडोज टाका. केबल काढायची ती यासाठी, की विंडोजने चालू व्हायच्या फायली चुकून जुन्या डिस्कवर टाकू नयेत. झालं की जुनी डिस्क परत जोडा. मशीन चालू करताना एफ८, एफ११ किंवा एफ१२, जे तुमच्या बोर्डवर चालेल ते बटण दाबलं की कुठून सुरू व्हायचं ते विचारेल. एसएसडी निवडली तर ६४ बिट आणि पूर्ण रॅम, जुनी डिस्क निवडली तर तुमचं नेहमीचं मशीन, लॉकसकट. लॉकचा ड्रायव्हर मिळाला नाही तरी धंदा एक दिवसही बंद राहत नाही. सीझनच्या तोंडावर परतीचा रस्ता बंद होईल असं काही करू नये, म्हणून हे इतकं बजावून सांगते.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगायला हवी. जुनं कोरल ६४ बिटवर आलं तरी ते स्वतः ३२ बिटचंच राहतं आणि एका मर्यादेपलीकडे रॅम घेत नाही, साधारण दोन ते चार जीबी. फायदा होईल तो कोरल, ब्राउझर, व्हॉट्सअॅप आणि दोन-चार पीडीएफ एकाच वेळी उघडे असताना. मशीन रोज अडकतं, त्याचं मोठं कारण बहुधा ती जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. एसएसडीने जेवढा फरक पडेल तेवढा आठ जीबी रॅमनेही पडणार नाही. रॅम घ्यायच्या आधी मला विचारलं असतंत तर मी आधी एसएसडीच घ्यायला सांगितली असती. आता रॅम आलीच आहे, तर दोन्हींचा उपयोग करून घेऊ.

विंडोज १०ला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. एच६१च्या जमान्यातले प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाहीत. म्हणून या मशीनवर डिझाइन करा, प्रिंट काढा, पण बँकेचे व्यवहार फोनवर किंवा घरच्या लॅपटॉपवरच ठेवा.

आता दुसरा त्रास, ४.००चा. यात विंडोजचा काही हात नाही. विंडोज किती बिटचं आहे याची पर्वा न करता बोर्ड बसवलेल्या रॅमची बेरीज करतो. ती बेरीज चार आली, म्हणजे आत्ता एक स्टिक बोर्डला दिसतच नाही. मशीन सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये गेलात तर तिथेही ४०९६ एमबीच, म्हणजे ४ जीबीच, दिसेल. एच६१ बोर्डाला १६ जीबीपर्यंत रॅम चालते, त्यामुळे बोर्डाला आठ झेपत नाही हेही कारण नाही. दुकानात काढ-घाल करताना एक स्टिक नीट बसली नसावी, ही सगळ्यात साधी शक्यता. ती आधी तपासा. हे घरी करता येतं.

मशीन बंद करा आणि भिंतीतली पिनही काढा. बटण नुसतं बंद करून भागत नाही, इन्व्हर्टर असेल तर त्याचीही लाइन काढा. मग कॅबिनेटचं चालू करायचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा, आत साठलेली वीज निघून जाते. कॅबिनेट आडवं ठेवा, झाकण काढा आणि हाताने एकदा त्याच्या उघड्या लोखंडी पत्र्याला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज रॅमवर उतरणार नाही. स्लॉटच्या टोकांच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की स्टिक आपण होऊन वर येते. तिला कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. त्या पट्ट्या उजेडात धरून पाहा. चकचकीत पिवळ्या दिसायला हव्यात. काळपट, ढगाळ दिसल्या, किंवा बोटाचा ठसा दिसला, तर स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेने हलक्या हाताने पुसा आणि रबराचा भुगा ब्रशने झाडा. वाळूसारखं खरखरीत, शाई खोडायचं रबर वापरू नका, त्याने सोन्याचा मुलामाच निघून जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर सगळ्यात चांगलं. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण जातात. हवेचा छोटा पंप वापरा. तुमचं दुकान पंचवटीत, पावसाळाभर दमट हवा आणि वर्षभर रस्त्याची धूळ. दोन्ही मिळून या पट्ट्यांवर साका धरतात.

बसवताना खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. दोन्ही बाजूंनी क्लिप टक्‌ करून आपोआप मिटायला हवी. एकीकडे टक्‌ झालं आणि दुसरीकडे क्लिप बोटाने ढकलावी लागली, तर स्टिक तिरकी आहे. बाहेरून सरळ दिसते, पण एका टोकाला जेमतेम केसभर वर असते. तेवढ्यानेही ती बोर्डला दिसेनाशी होते.

एवढं करून बायोसमध्ये ८१९२, म्हणजे ८ जीबी, आलं तर काम झालं. नाही आलं तर एका वेळी एकच स्टिक लावून पाहा. स्टिकांवर पेन्सिलीने चिठ्ठी लावा, क आणि ख. आधी क पहिल्या स्लॉटमध्ये, मग क दुसऱ्यात, मग ख पहिल्यात आणि ख दुसऱ्यात. चार वेळा चालू-बंद, दरवेळी पिन काढून. स्क्रीन काळीच राहिली किंवा बीप वाजत राहिला तर घाबरू नका, तोही निकालच आहे, लिहून ठेवा. ख दोन्ही स्लॉटमध्ये रुसली आणि क दोन्हींत चालली, तर ख खराब आहे. बिल घेऊन जा, ती वॉरंटीत बदलून मिळायला हवी. दोन्ही स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये चालल्या आणि दुसऱ्यात एकही चालली नाही, तर रॅम निर्दोष आहे आणि शोध दुसऱ्या स्लॉटच्या बाजूने घ्यायचा.

इथे पत्रातलं एक वाक्य मला खटकलं : पंखा उतरवून पेस्ट लावली. हा पंखा प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो आणि प्रोसेसरची उष्णता नीट बाहेर जावी म्हणून दोघांच्या मध्ये ही पेस्ट लावतात. आजकाल रॅमशी बोलणारा भाग बोर्डवर नसतो, प्रोसेसरच्या पोटातच असतो. प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये बसतो त्यात तुमच्या बोर्डावर ११५५ पिना असतात, केसासारख्या बारीक. त्यातल्या काही पहिल्या स्लॉटकडे जातात, काही दुसऱ्याकडे. प्रोसेसर उचलून परत ठेवताना एखादी पिन वाकली, किंवा पंखा एका बाजूने जास्त आवळला गेला, तर बाकी सगळं मशीन झकास चालतं आणि एकच स्लॉट मुका होतो. माझ्या क्लासमध्ये एका मशीनवर नेमकं हेच झालं होतं. अर्धी रॅम गायब. मी स्टिक खराब म्हणून दुकानदाराशी भांडले, दोनदा बदलून आणली, तिसऱ्यांदाही तेच. त्याच्या महिनाभर आधी बाहेरच्या एका माणसाने पंखा बदलला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शेवटी प्रोसेसर उचलून भिंगातून पाहिलं. सगळ्या पिनांची टोकं एका रांगेत चमकत होती आणि कडेजवळ एकच ठिपका अंधारा होता. तिथली पिन झोपली होती. शिवणकामाच्या बारीक सुईने श्वास रोखून ती उभी केली आणि मशीनने पूर्ण रॅम दाखवली. त्या दुकानदाराकडे मी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली.

तुम्ही मात्र स्वतः प्रोसेसर उचलू नका. आधी पंख्याच्या चार कोपऱ्यांतल्या खुंट्या नुसत्या बघा. एखादी वर आली असेल तर दाब तिरका पडतोय. तेवढं असेल तर दुकानदाराकडून पंखा काढून कोपऱ्या-कोपऱ्याने सारखा बसवून घ्या. तरीही दुसरा स्लॉट मुकाच राहिला, तर त्याला शांतपणे सांगा, ‘दोन्ही स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये चालतात, दुसऱ्यात एकही नाही, माझ्यासमोर सॉकेट भिंगाखाली बघू या.’ असं नेमकं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी उडवून लावत नाही. तोही वाईट माणूस असेल असं मला वाटत नाही. काउंटरवर चार मशिनं वाट बघत असताना ३.१९ वाचून विचार करायला त्याला वेळ झाला नसेल.

मिस्टरांनी केलेली टिक : विंडोजच्या बटणासोबत आर दाबून एमएसकॉन्फिग उघडा, बूटच्या पानावर अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि मॅक्सिमम मेमरीसमोरची खूण काढून टाका. ती खूण रॅम वाढवत नाही, उलट वापरावर मर्यादा घालते. या वेळी ३.१९चा आकडा हलला नाही, म्हणजे तिने नुकसान केलेलं नाही, पण ती तिथे नको. ३२ बिटवरच आठ जीबी दिसेल असा दावा करणारे ‘पॅच’ही व्हिडिओंमध्ये सांगतात. ते विंडोजचा गाभाच बदलतात. ज्या मशीनवर गिऱ्हाइकांच्या फायली आहेत, तिथे ते लावू नका.

लॅपटॉपवर फसलेला नाहीत. त्याला वेगळं डिस्प्ले कार्ड नसणार, डिस्प्लेचं काम प्रोसेसरच करतो आणि त्यासाठी रॅमचा दोन जीबीच्या आसपास तुकडा बाजूला काढून घेतो. टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर गेलात तर खाली हार्डवेअर रिझर्व्ह्ड या नावाखाली तो दिसेल. ती रॅम वाया जात नाही, तुम्हाला दिसणारं चित्र तीच काढते. काही लॅपटॉपांत बायोसमधून हा तुकडा लहान करता येतो, पण मुलं त्यावर गेम खेळत असतील तर आहे तसाच राहू द्या.

रविवारी दुपारी दुकान बंद झालं की स्लॉटचं काम करून टाका, तासाभरात होईल. एकाने स्टिक बसवायची, दुसऱ्याने टॉर्च धरून आकडे लिहायचे, म्हणून दोन माणसं लागतात. त्यासाठी भाच्याला तुम्ही स्वतः फोन करा, मिस्टरांकडून निरोप पाठवू नका. पहिल्या दिवशीचं ८.०० त्याचं होतं, हे फोनवर आधी सांगा, काम नंतर. आणि चारही वेळचे निकाल मला कळवा. दोन्ही स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये गप्प राहिल्या तर सॉकेटचा स्वच्छ उजेडातला एक फोटोही पाठवा, मी पाहून सांगते.